देवाला वाहिलेली मुलं

या आठवणी लिहायला घेतल्यापासून सँट्रीचं घर जवळ आलं की मी वळसा घालून पुढे जात होतो. पुण्यातलं लहानपण लिहिलं, कॉलेज लिहिलं, नंतरची नोकरी, लग्न, मुलं, सगळं लिहून झालं. डब्लिनमधली पहिली वर्षं मात्र मी एका परिच्छेदात उरकली होती. ‘पुढे मला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी आयर्लंडमध्येच स्थिरावलो’ असं एक वाक्य त्यात होतं. माझ्या मुलानं ते वाचून विचारलं, “बाबा, मिळाली कशी ते लिहिलंच नाही तुम्ही.” मी म्हटलं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. हीच थाप मी माझ्या बायकोला मारली होती, विद्यार्थ्यांना मारली होती, आणि बायको जाईपर्यंत तिलाही खरं सांगितलं नाही. आता मागे कुणी दुखावणार नाही अशा वयाला पोचलो आहे. जो दुखावला होता तोही राहिला नाही.

सँट्री तेव्हा डब्लिनच्या कडेला होतं. घरामागे शेतं होती आणि विमानतळावर उतरणारी विमानं इतकी खालून जात की स्वयंपाकघरातल्या कपबशा किणकिणत. घर मिसेस गॅलघर यांचं. नवरा वारलेला, एक मुलगी लग्न होऊन इंग्लंडला गेलेली, आणि मुलगा ब्रेंडन धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत. त्याचा काळ्या झग्यातला फोटो ड्रेसरवर, म्हणजे कपबशांच्या मांडणीवर, मधोमध असे आणि त्याच्याकडे पाहिल्याशिवाय बाई चहाची किटली खाली ठेवत नसत. वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. एकीत मी, दुसरीत पास्कल. आम्ही दोघंही मध्ययुगीन इतिहास शिकायला आलो होतो. मी पुण्याचा, संस्कृतात पहिला आलेला, लॅटिन व्याकरणाच्या पुस्तकातून घोकून आलेला. पास्कल वसईचा, ख्रिस्ती, लहानपणी मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळी वेदीपाशी सेवा केल्यामुळे लॅटिन त्याच्या जिभेवर होतं. त्यातल्या निम्म्या रूपांची नावं त्याला सांगता आली नसती. वर्षाअखेरीस दोघांपैकी एकाला पुढच्या संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळणार होती. ती ज्याला मिळेल तो राहणार, दुसरा घरी जाणार. हे आम्हाला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं आणि आम्ही ते एकमेकांशी कधी बोललो नाही.

मी हेव्यानं जळत होतो, हे सरळ लिहून टाकतो. सुरुवात अभ्यासातून झाली नाही, स्वयंपाकघरातून झाली. संध्याकाळी सहाला रेडिओवर प्रार्थनेची घंटा वाजू लागली की मिसेस गॅलघर हातातला डाव तसाच धरून थांबत. पास्कल छातीवर क्रूस करून त्यांच्याबरोबर पुटपुटायला लागे. मी उभा राही, हात कुठे ठेवायचे ते न कळून. जेवणानंतर रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. बाई आणि पास्कल टेबलाकडे पाठ करून, खुर्चीच्या बैठकीवर कोपरं टेकून फरशीवर गुडघे टेकत, आणि मी ‘अभ्यास आहे’ म्हणून वर जाई. वर जाऊन अभ्यास कुठला करतो? जिन्याच्या दाराशी उभा राहून ऐकत असे. बाईंचा भरभर आवाज, मग पास्कलचा संथ. त्या आवाजातला घरोबा मला सहन होत नसे. मी मायभूमी सोडून परक्या देशात आलो होतो. तो जणू एका आत्याकडून दुसऱ्या आत्याकडे आला होता.

बाई त्याला ‘पास्कल, लव्ह’ म्हणत. माझ्याविषयी शेजारणीशी बोलताना ‘युअर मॅन वरचा’, म्हणजे ‘तो वरचा कोण तो’, असं म्हणत. वाईट वागवत होत्या असं नाही. मी मांस खात नाही म्हटल्यावर त्या रोज माझ्यासाठी ऑम्लेट, उकडलेले बटाटे आणि कोबी करत. त्या घरात शुक्रवारी मांस शिजत नसे, त्यामुळे त्यांनी माझी सोय त्या खात्यात टाकली होती. “तुझा बिचाऱ्याचा रोजच शुक्रवार,” त्या म्हणत, आणि पास्कल बटाट्यावर लोणी घालत हसे. “असू द्या, मिसेस गॅलघर. भटजी एवढे उपास करतोय, आपल्या दोघांना स्वर्गात त्याच्या ओळखीनं आत घेतील.” त्यावर बाई डोळे पुसेपर्यंत हसत. मीही हसे. हसताना मनात येई की हाच विनोद मी केला असता तर या बाईला तो आगाऊपणा वाटला असता.

पास्कलला घरून एकच गोष्ट येई. वसईकडचा मसाला, लाल, बाटलीत ठासून भरलेला, बुचावर मेण ओतलेलं. ती बाटली बाईंनी आपल्या प्रेसमध्ये, म्हणजे तिकडच्या बोलीत कपाटात, पिठाच्या डब्याशेजारी ठेवू दिली होती. मटणाच्या रश्श्यात त्यातला चमचाभर पडू लागला. माझ्या आईनं पाठवलेली चटणी मी वर सुटकेसमध्ये ठेवत असे. कुणी सांगितलं नव्हतं तसं. मीच ठेवत असे आणि त्याचाही राग पास्कलवर काढत असे.

आमचे प्राध्यापक फादर मॅलकी स्वतः धर्मगुरू होते, उंच, खांद्यात वाकलेले, खडूची पूड झग्यावर पांघरून हिंडणारे. त्यांचं म्हणणं असे की मध्ययुगातल्या चर्चची सत्ता पोप आणि राजांच्या भांडणात शोधू नका, ती लोकांच्या ताटात, अंथरुणात आणि घंटेत शोधा. कधी जेवायचं, काय नाही खायचं, कुणाशी लग्न करायचं, मेल्यावर कुठे पुरायचं, हे सगळं चर्च सांगत होतं आणि लोकांना ते हवाहवासा आधार वाटत होता. मी हे वहीत उतरवून घेई. पास्कल लिहीत नसे, मान डोलावे. एकदा फादरनी शेतांना आशीर्वाद देण्याच्या मिरवणुकीबद्दल सांगितलं तेव्हा पास्कल म्हणाला, “आमच्याकडे अजून करतात. भात कापायच्या वेळी पहिली कणसं चर्चमध्ये नेतात.” फादर खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि तास संपेपर्यंत त्यालाच विचारत राहिले. मी माझ्या वहीत त्या दिवशीची तारीख अधोरेखित करत बसलो होतो, कागद फाटेपर्यंत.

वसंतात फादर आम्हाला एका पडक्या मठात घेऊन गेले. छप्पर नव्हतं, भिंती होत्या, आतमध्ये गुडघाभर गवत आणि मेंढ्या. बाकीचे त्यांच्यामागे फिरत असताना पास्कल आणि मी एका कमानीखाली सँडविच खात बसलो. गार वारा होता आणि त्यानं डोक्यावर मफलर टोपड्यासारखा गुंडाळला होता. मी सहज टोमणा मारला, “शोभतोयस. झगा चढव वर, फादर पास्कल म्हणून हाक मारतो.”

तो हसला नाही. सँडविच कागदात परत गुंडाळलं. “भटजी, ते जवळजवळ झालं होतं,” तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. तो तान्हा असताना तापानं फणफणला होता. डॉक्टरनं आशा सोडली तेव्हा आईनं डोंगरावरच्या चर्चमधल्या मातेला नवस केला, हा जगला तर तुझा. तो जगला. कळायला लागल्यापासून त्याला एकच सांगितलं गेलं, तू आमचा नाहीस, मातेचा आहेस. धाकट्या भावांना मार पडे, त्याला पडत नसे. मिसरूड फुटायच्या आत त्याला सेमिनरीत ठेवलं. आणि दीक्षेला थोडा अवधी राहिला असताना एका सकाळी तो पेटी घेऊन बाहेर पडला.

“का?” मी विचारलं.

“देवाचं काही नाही रे. देव आहे माझ्यापाशी. पण वचन मी दिलं नव्हतं. ते तिनं दिलं.” तो पायाशी चरणाऱ्या मेंढीकडे पाहत म्हणाला. “आता ती बोलत नाही. बाटली येते बघ मसाल्याची. चिठ्ठी येत नाही. भाऊ म्हणतो, पत्ता सांगायला लावते आणि बाटली स्वतःच्या हातानं बांधते.” थोड्या वेळानं तो म्हणाला, “इथे कुणाला सांगू नकोस. इथे हे आपल्याकडच्यापेक्षा वाईट समजतात.”

मी म्हटलं, “कुणाला सांगणार मी?” हे म्हणताना मी प्रामाणिक होतो. तेवढं एक माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

त्याचं म्हणणं खरं होतं. त्याआधी थोडे दिवस मिसेस गॅलघर यांनीच मला दोन घरं सोडून राहणाऱ्या एका मुलाची गोष्ट सांगितली होती. सेमिनरी सोडून आलेला. ‘बिघडलेला पाद्री’ असा तिथे अशा मुलांसाठी शब्दच होता. त्याला गावात नोकरी मिळाली नाही, तो इंग्लंडला गेला, आणि त्याची आई त्यानंतर चर्चमध्ये पुढच्या बाकावर कधी बसली नाही. माझी नात इरा इथे, डब्लिनच्या सँडीफोर्ड भागात, माझ्या शेजारच्या खोलीत कॉलेजचा अभ्यास करते. तिला हे समजावून सांगताना माझी दमछाक झाली. तिनं तिच्या आयरिश सुरातल्या इंग्रजीत सांगितलं की त्यात काय आजोबा, त्यानं कोर्स बदलला, ग्रँड, म्हणजे ठीकच झालं. तिचं बरोबर आहे. रविवारी सकाळी लुआस ट्रामनं जाताना मला चर्चपुढे तुरळक म्हातारी माणसं दिसतात, माझ्याच वयाची. पण मी लिहितोय त्या वर्षी त्या एका शब्दानं माणूस हद्दपार होत असे, आणि हे मला नीट ठाऊक होतं.

मग निबंध वाचायचे दिवस आले. माझा विषय होता राजांना धर्मबाह्य ठरवण्याचा पोपचा अधिकार. तळटीपा इतक्या होत्या की टंकलेखन करणारी मुलगी रडकुंडीला आली. फादरनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चोख आहे.” पास्कलचा विषय होता मठांना वाहिलेली मुलं. त्या काळी आईबाप लहान मुलाला मठात आणून देत. मिस्साच्या वेळी वेदीवरच्या कापडात मुलाचा हात गुंडाळायचा आणि वचन द्यायचं, की झालं, मूल देवाचं. मठानं त्याला भाकरी दिली, अक्षर दिलं, लढायांपासून आसरा दिला. युरोपात लिहिता-वाचता येणारी कितीतरी माणसं अशीच घडली. पास्कलनं हे सगळं मान्य केलं होतं, चर्चविषयी एकही कडू शब्द वापरला नव्हता. त्यानं फक्त शेवटी विचारलं होतं की पुढे तो मुलगा मोठा झाला आणि जातो म्हणाला, तेव्हा त्या काळच्या पंडितांनी एवढा वाद घातला तो कशासाठी? वचन कुणाचं? बोललं त्याचं, की ज्याचा हात गुंडाळला त्याचं? आणि मग त्यानं त्या हाताविषयी दोन परिच्छेद लिहिले होते, कापडातली ऊब, बाहेर पडू पाहणारी बोटं. स्वतःविषयी अक्षर नव्हतं. वाचून झालं. फादरनी चष्मा काढला आणि म्हणाले, “शेवटचं पान परत वाच.”

मला त्या क्षणी कळलं की शिष्यवृत्ती गेली. आणि त्याहून वाईट म्हणजे मला कळलं की ती जायलाच हवी. पास्कल वाईट लिहून जिंकला असता तर मी ते सोसलं असतं, घरी जाऊन लोकांना अन्यायाची गोष्ट सांगितली असती. त्यानं मला तेवढीही सोय ठेवली नव्हती. मी जन्मभर घोकलं तरी मला ते पान लिहिता आलं नसतं. बसमध्ये तो शेजारी बसून विचारत होता, “बरा झाला ना रे?” आणि मी म्हटलं, “छान. शेवट जरा भावनेचा झाला.” तो गंभीरपणे म्हणाला, “हो ना? मलाही तीच भीती होती.”

दुसऱ्या दिवशी तो ग्रंथालयात गेला होता. मिसेस गॅलघर स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या, मी सुरी घेऊन मदतीला बसलो होतो. तसा मी कधी बसत नसे. बाई ब्रेंडनविषयी बोलत होत्या, त्याला सुट्टी कधी, त्याला काय आवडतं. बोलता बोलता म्हणाल्या, “पास्कलसारखा मुलगा खरं म्हणजे चर्चला मिळायला हवा होता. माझा ब्रेंडनसुद्धा एवढ्या मनानं रोझरी म्हणत नाही.”

मी बटाट्याची साल न तुटता सोलत होतो. म्हणालो, “तो होताच ना सेमिनरीत. कितीतरी वर्षं.”

त्यांची सुरी थांबली. “काढून टाकलं?”

“नाही. आपणहून निघाला.”

त्यांनी ड्रेसरवरच्या फोटोकडे पाहिलं. मग सोललेले बटाटे पाण्यात टाकले, हात पुसले, आणि अंगणात वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या. ऊन चांगलं होतं, कपडे अजून ओले होते.

एवढंच केलं मी. आरडाओरडा नाही, चुगलीचा आव नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावलं की ते तोंडून निसटलं. निसटलं नव्हतं. त्यासाठीच मी बटाटे सोलायला बसलो होतो.

त्या संध्याकाळी घंटा वाजली, बाई डाव धरून थांबल्या, पास्कल पुटपुटला. जेवणानंतर त्यांनी रोझरीचे पाचही भाग स्वतःच म्हटले, त्याला एकही दिला नाही. ‘लव्ह’ गेलं. “पास्कल, मीठ दे,” एवढंच. त्याला वाटलं, बाईंची तब्येत बरी नाही. तो त्यांच्यासाठी फुलं घेऊन आला. त्यांनी ती पाण्यात ठेवली, पण मागच्या खिडकीत. शिष्यवृत्ती ज्या विश्वस्त मंडळाची होती ते धर्मगुरूंचं होतं, आणि अर्जाला राहत्या भागातल्या पाद्रींची शिफारस लागे. माझ्यासारख्या परधर्मीयाला त्यातून सूट होती. पास्कलची शिफारस आली नाही. बाईंनी पाद्रींच्या कानावर घातलं असणार. माझं नाव घेतलं की नाही मला माहीत नाही. फादर मॅलकींनी मंडळाशी भांडण केलं असं नंतर ऐकलं. उपयोग झाला नाही. जो कधी देवाला वाहिलेलाच नव्हता, त्याच्या पळून जाण्याचा प्रश्नच नव्हता. शिष्यवृत्ती मला मिळाली.

फादरच्या खोलीतून पास्कल बाहेर आला तेव्हा मी जिन्यावर थांबलो होतो. त्याचा चेहरा उतरलेला नव्हता, कोड्यात पडल्यासारखा होता. “त्यांना कळलं रे,” तो म्हणाला. “सेमिनरीचं. कुणी सांगितलं ते फादर बोलेनात. पण सांगायला कोण लागतंय? माझ्या निबंधातच दिसलं असणार. मी जरा जास्तच आतून लिहिलं. ती बोटं बिटं. तू म्हणालाच होतास.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “तुला मिळाली ना? मग घरातच राहिली.”

तेव्हाच सांगायचं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर त्यानं माझ्या थोबाडीत मारली असती आणि वसईला जाऊन दुसरा निबंध लिहिला असता. मी म्हटलं, “चल, चहा घेऊ.”

तो गेला. शाळेत इंग्रजी शिकवलं, लग्न केलं, एक मुलगी झाली, रिटा. लिहिलं मात्र काही नाही. मी इथे प्राध्यापक झालो आणि दरवर्षी वर्गात मठांना वाहिलेल्या मुलांचा धडा शिकवला. हात, कापड, वचन कुणाचं, सगळं पास्कलचं. विद्यार्थी त्या तासाला शांत होत. काही जण येऊन म्हणत, सर, हा तास विसरणार नाही. मी आभार मानत असे. आणि एवढं सगळं पदरात पडूनही मला त्याचा हेवा वाटतच राहिला, कारण ते शांत व्हायचे ते त्याच्या वाक्यांना.

मध्यंतरी एकदा त्याच्या घरी वसईला गेलो. बायकोनं जेवायला वाढलं, आग्रह केला. माझ्यासाठी वेगळं शाकाहारी रांधलं होतं. मी त्याला विचारलं, लिहीत का नाहीस? तो म्हणाला, “मी लिहिलं की मी उघडा पडतो, भटजी. एकदा बघितलं ना आपण? माझ्या लिहिण्यात झाकायची अक्कलच नाही. आपण बरं आणि पोरांचं व्याकरण बरं.” बायको म्हणाली, “रात्री लिहितात आणि सकाळी फाडतात.” तो तिच्यावर डाफरला, “पाहुण्याला भात वाढ.” मी भात घेतला.

त्यानंतर त्याची श्रवणशक्ती गेली. गेल्या हिवाळ्यात, एकटा असताना, मनाशी ठरवून मी फोन लावला. रिटानं उचलला. “काका, पप्पांना ऐकू येत नाही फोनवर. तुम्ही मला सांगा, मी त्यांच्या कानाशी मोठ्यानं सांगते.” मागून त्याचा आवाज आला, “कोण, भटजी? विचार त्याला, रोजच शुक्रवार आहे का अजून?” ती हसली. “बोला काका, काय सांगू?”

जे त्याच्यापासून चोरलं ते त्याच्या मुलीच्या तोंडून त्याच्या कानात ओरडून घालायचं होतं. मी म्हटलं, “सांग, इथे थंडी फार पडलीय.” तिनं ते ओरडून सांगितलं. त्यानं ओरडूनच उत्तर दिलं, “मफलर बांध म्हणावं.” उन्हाळ्याच्या तोंडाशी रिटाचा निरोप आला, पप्पा गेले.

तेव्हा म्हणायचं ते इथे म्हणतो. पास्कल, तुझ्या निबंधात काही दिसलं नव्हतं. कुणालाच दिसलं नव्हतं, फादरनाही नाही. मी सांगितलं, बटाटे सोलता सोलता, मला ते पान लिहिता येणार नव्हतं म्हणून. तू उगाच फाडत राहिलास. मला माफ कर.